काळूरामच्या लेथची थरथर

“मशीन म्हातारं होतं, मरत नाय!”

काळूराम विशे हे वाक्य शेणव्याच्या नाक्यावर, पानटपरीपाशी उभा राहून बोलला. इतक्या जोरात बोलला, की किन्हवलीकडे निघालेल्या एसटीच्या कंडक्टरने घंटीच्या दोरीवरचा हात तसाच ठेवला आणि पुढचं ऐकायला थांबला.

पुढचं असं होतं. काळूरामने मुरबाडच्या एका कारखान्यात उभी हयात लेथवर काढली. मग कारखान्याने माणसं कमी केली आणि त्यात काळूराम घरी आला. घरी आला आणि चार महिन्यांत त्याची बायको जनी गेली. तिला ताप आला होता. साधाच आहे, असं सगळे म्हणत होते. आता काळूरामला कारखानाही नव्हता आणि जनीही नव्हती. सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न होता. आणि संध्याकाळी घरी यायचं तर कशाला, हा त्याहून मोठा होता.

तेवढ्यात कारखान्याने एक जुना सीएनसी लेथ भंगारात काढला. म्हणजे आकडे भरले की स्वतःच लोखंड कापणारा लेथ. धड शाबूत होतं, पण त्याचा कंट्रोलर, म्हणजे मशीनचं डोकं, पार जळलं होतं. काळूरामने तो उचलला!

“डोकंच नाय त्याला, आणून काय करनार?” शेजारचा महादू म्हणाला.

“नवीन बसवनार. अरे, आपल्याकडे डोकं गेलेली आणि धड शाबूत असलेली मानसं निवडून येतात. मंग मशीन चालायला काय झालं?”

कंडक्टरने घंटी मारली.

आता काळूरामला हे सगळं करायचं होतं, त्यामागे एक कारण होतं. त्याचा मुलगा दिपेश कल्याणला राहायचा. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. तो दर रविवारी यायचा आणि एकच म्हणायचा, “बाबा, घराला कुलूप लावा आणि चला.”

काळूराम एकदा जाऊन राहून आला होता. खाली उतरून परत वर जाताना वॉचमन रोज विचारायचा, “किसके यहाँ जाना है?” दोन-चार दिवसांनी काळूरामलाच शंका यायला लागली, की आपण नक्की कोणाकडे चाललो आहोत. गॅलरीत उभं राहावं, तर समोरच्या गॅलरीत त्याच्यासारखाच एक म्हातारा. दोघे एकमेकांकडे बघत, आणि मधे कपडे वाळत. परत आल्यावर काळूरामने अंगणात येऊन पहिल्यांदा मोठ्याने खाकरून घेतलं. तिथे खाकरायलासुद्धा चोरी होती!

मुरबाडच्या दुसऱ्या एका कंपनीला लोखंडी पिना करून हव्या होत्या. तिथल्या तपासणीच्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, दिवाळीच्या आत नमुन्याच्या पिना पास करून दाखवा. मग काम कायमचं तुमचं.”

दिपेशने हे ऐकलं आणि तिथेच सौदा केला. “पास झाल्या तर राहा इथेच. मी परत विषय काढणार नाही. नाही झाल्या तर दिवाळीचा फराळ कल्याणला, आणि त्यापुढचं सगळंच कल्याणला.”

“लाव पैज!” काळूराम म्हणाला. “तुझ्या सासुरवाडीला पन कळव.”

घरामागे भाताच्या पेंढ्याची पडवी होती. ती रिकामी करून काळूरामने काँक्रीटची जमीन केली, वर पत्रा घातला, दारावर पाटी लावली, ‘जनी इंजिनिअरिंग वर्क्स’. हायड्रा क्रेन मशीन घेऊन दारात आली, आणि अडचण निघाली.

जनीला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. वर्षाच्या आत काळूरामने शुभकार्याला हात लावायचा नाही, असं महादूची बायको ताराबाई म्हणाली. शिवाय पूजेला जोडपं लागतं. काळूरामचं अर्धं जोडपं भिंतीवर फोटोत होतं.

“भावजी, तुमी अंगनात बसा,” ताराबाई म्हणाली. “आमी दोघं करतो सगळं. तुमी वाकून पन बघू नका.”

काळूराम शहाण्यासारखा अंगणात बसला. मशीन आयुष्यभर त्याने हाताळलेलं, आणि ते जागेवर बसत असताना तो मात्र तुळशीकडे तोंड करून! आतून घंटी ऐकू आली, नारळ फुटला, हायड्रावाला ओरडला, “अरे जल्दी करो, लटका हुआ है!” महादूही ओरडला, “थांब रे, शास्त्र बाकी हाय!” मग धप्पकन आवाज झाला, आणि दोघे हात पुसत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शेखर आला. शेखर अंबरनाथचा. जुन्या मशीनना नवी डोकी बसवायची, हाच त्याचा धंदा. त्याने जुन्या वायरी काढल्या. त्यांचा ढीग बघून महादूला वाटलं, की आता मशीनमध्ये काहीच उरलं नाही. मग नव्या मोटरी आल्या, नवा कंट्रोलर आला, त्यावर रंगीत पडदा. सगळा गाव तो पडदा बघून गेला. ताराबाईने विचारलं, “ह्याच्यावर मालिका लागतात का?”

“लागतात,” काळूराम म्हणाला, “पन ह्या मालिकेत सासू नाय, म्हनून तुला आवडनार नाय.”

आणि तो दिवस आला. शेखरने हिरवं बटण दाबलं. लोखंडाचा दांडा गरगर फिरायला लागला, कापायचं टूल पुढे आलं, दांड्याला टेकलं, आणि...

कौलांवरून कोणी लोखंडी घमेलं फरफटत न्यावं, तसा आवाज झाला! शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. पत्रा थरथरला, पाटी थरथरली, महादूची कवळी थरथरली. मशीन थांबलं, तेव्हा काळूरामने पिन हातात घेतली. तिच्यावर इतक्या लाटा होत्या, की ताराबाईच्या पापडावरसुद्धा नसतात. शिवाय एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक.

“मुळा झाला रे!” महादू म्हणाला. “फकस्त पाला लावायचा बाकी हाय.”

काळूराम हसला. पहिल्या दिवशी माणूस हसतो.

शेखरने पडद्यावरचे आकडे बदलले. “पॅरामीटर आहे काका, दुसरं काही नाही.” मग पुन्हा मुळा. शेखरने आणखी आकडे बदलले. आता मशीन कापायच्या आधीच भुणभुणायला लागलं, जसं मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड मारल्यावर होतं. शेखरने मूळचे आकडे परत घातले आणि म्हणाला, “माझ्या बाजूने सगळं ओके आहे. टूलवाल्याला बोलवा.”

टूलवाला संदेश टाय लावून आला. शेणव्यात टाय लावलेला माणूस म्हणजे एक तर विमा, नाही तर निवडणूक! लोक दारं लावून घ्यायला लागले. संदेशने टूलच्या टोकाचा तुकडा, ज्याला इन्सर्ट म्हणतात, तो भिंगातून बघितला आणि कपाळाला हात लावला.

“काका, तुम्ही दगडाने दाढी करताय! हा घ्या, सोनेरी इन्सर्ट. लोण्यातून सुरी जाईल.”

सोनेरी इन्सर्ट लावला. सुरी लोण्यात गेली, थरथरली, तुटली, आणि तुकडा उडून संदेशच्याच चहात पडला. संदेशने कप खाली ठेवला. “माझ्या मालात प्रॉब्लेम नाही. तुमच्याकडे वीज कमी-जास्त होते.”

वायरमनला बोलावलं. तो खांबाकडे बघून म्हणाला, “आमच्या बाजूने व्यवस्थित हाय. तुमच्या इथं वीज येते, हेच खूप समजा,” आणि गेला. लगेच वीजही गेली. ती संध्याकाळी आली.

शेवटी शेखर पाणसळ घेऊन बसला. नळीतला बुडबुडा मधोमध आला की मशीन समतल. मशीनच्या पायांचे बोल्ट पिळून पिळून त्याने बुडबुडा मधोमध आणला. पिन केली, बरी आली! काळूराम नाक्यावर जाऊन सगळ्यांना चहा पाजून आला. येऊन दुसरी पिन केली, तर मुळा! पाणसळ ठेवली, तर बुडबुडा तुळशीच्या बाजूचा कोपरा सोडून पलीकडे पळालेला.

रोज तेच. सकाळी मधोमध, दुपारी पळालेला.

“जमीन सरकते,” महादूने निदान केलं.

“आपल्याकडे बांध सरकतात, हे सगळ्या तालुक्याला माहीत हाय,” काळूराम म्हणाला. “पन माझ्या पडवीची जमीन कोन सरकवनार? मला तर भाऊबंद पन नाय!”

बघायला आता रोज गर्दी. खर्डीहून कोणाचा मेहुणा आला, त्याने स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून मशीनची छाती तपासली. “बेरिंग गेलं,” म्हणाला, आणि जेवून गेला. कोणी म्हणालं तेल बदला, कोणी म्हणालं दिशा बदला. गिरणीवाला म्हणाला, “माझी चक्की अशीच करायची, मी विकली.” पडवीत इतकी माणसं झाली, की बसायला जागा उरली नाही. म्हणून महादू मशीनच्याच तुळशीकडच्या कोपऱ्यावर टेकला.

त्याच वेळी पिन चालू होती. घमेल्याचा आवाज बंद झाला. मशीन मांजरासारखं गुरगुरत कापायला लागलं. पिन आली ती आरशासारखी!

महादू उठला. घमेलं सुरू! महादू बसला. घमेलं बंद!

“हे शास्त्रात बसत नाही,” शेखर म्हणाला.

“शास्त्रात नको बसू दे. महादू बसलाय ना? पुरे झालं!” काळूराम ओरडला.

झालं! महादूची नेमणूक झाली. सकाळी न्याहारी करून महादू मशीनवर बसायचा, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत. खाली एक गोधडी घातली. आंघोळीला गेला तर त्याच्या जागी भाताचं पोतं ठेवायचे, पण पोत्याने पिन तेवढी साफ यायची नाही. महादूला याचा फार अभिमान वाटायचा. ताराबाईला म्हणाला, “बघ, तू जल्मभर बोललीस का मी नुसता बसून ऱ्हातो. आता बसन्याची किंमत कळली?”

आणि निशिगंधा मॅडमचा फोन आला, की त्या उद्या स्वतःच बघायला येताहेत.

मॅडम जीपने आल्या. पडवी झाडलेली, पाटी पुसलेली, मशीन चकचकीत, आणि मशीनच्या कोपऱ्यावर पांढरी टोपी घालून महादू.

“हे कोण?” मॅडमनी विचारलं.

काळूराम शेखरकडे बघायला लागला. शेखर पडद्याकडे बघायला लागला. “मॅडम, ते... डॅम्पिंग आहे,” शेखर म्हणाला.

“आडनाव काय म्हणालात?”

“आडनाव नाही मॅडम. डॅम्पिंग म्हणजे हादरे कमी करायची सोय.”

मॅडमनी महादूकडे नीट बघून घेतलं. “चालू करा.”

मशीन चालू झालं. मांजर गुरगुरायला लागलं. पिन निम्म्यावर आली. हे सुरळीत पार पडलं असतं; पण महादूच्या मनात आलं, की एवढी मोठी बाई दारात आली आणि आपण बसूनच? हे काही माणुसकीला धरून नाही. तो उठला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, “नमस्कार मॅडम!”

घमेलं! पत्रा, पाटी, जीपची काच! “बस! बस! बस!” काळूराम ओरडला. महादू घाबरून भलत्याच कोपऱ्यावर बसला. थरथर दुप्पट झाली, टूल तुटलं, टूल गार ठेवणाऱ्या पाण्याची नळी सुटली, आणि दुधासारखं पांढरं पाणी मॅडमच्या अंगावर नाही, पण त्यांच्या मापाच्या पेटीवर सपकन उडालं.

मशीन थांबल्यावर मॅडमनी पिन उचलली. अर्धी आरसा, अर्धी मुळा.

“काका,” त्या शांतपणे म्हणाल्या, “माझी कंपनी पिना विकत घेते. माणसं बसवायची सोय घेत नाही. सोमवारी परत येते. तेव्हा मशीन एकटं चालायला हवं. नाही चाललं, तर मला दुसरीकडे बघावं लागेल.”

रविवारी दिपेश आला. त्याने कोणाला काही विचारलं नाही. मोकळी खोकी आणली होती, ती ओटीवर ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी काढायला लागला. काळूराम पडवीत बसून राहिला. शेखर पायाचे बोल्ट पिळत होता. महादू कधी नव्हे तो उभाच होता.

तेवढ्यात ताराबाई आली. तिच्या हातात ताट, ताटात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तिने ते ताट मशीनपुढे ठेवलं आणि हात जोडले.

“हे काय?” काळूरामने विचारलं.

“जनीला आवडायचं. भावजी, मला विचाराल तर तिचीच काय तरी इच्छा ऱ्हायली असनार. म्हनून हे मशीन चालत नाय.”

इतक्या दिवसांत काळूराम कोणावर रागावला नव्हता. आता उठून उभा राहिला.

“ताराबाय, जनीनं कधी कोनाचं काम अडवलंय? माझी रातपाळी असली तर रातीला उठून भाकऱ्या करायची. तापात पडली तेव्हा पन मलाच बोलली, कामाचं बघा. ती आडवी येनार? ती असती तर ह्या मशीनला तिनं धमकावून चालवलं असतं!”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ताराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ताराबाई रडताना गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

“मंग काय आमच्या पूजेत खोट होती? सगळं रीतीनं केलं! हळद-कुंकू केलं, नारळ फोडला, सुपारी तर मी सोता निवडून घातली. अख्खी, न किडलेली, अशी टनक!”

शेखरने पान्हा खाली ठेवला. “कसली सुपारी?”

“पूजेची.”

“कुठे घातली?”

ताराबाईने महादूकडे बघितलं. महादूने पत्र्याकडे बघितलं.

“पायाखाली,” महादू म्हणाला.

“कोणाच्या पायाखाली?”

“घर बांधताना पायात घालतात ना? तशी. मशीन वर लटकलं होतं, तवा मी छिन्नीनं जमिनीत खळगा केला. रुपाया ठेवला, त्यावर सुपारी. हायड्रावाला लयच घाई करत होता, म्हनून खळगा जरा उथळ झाला. एवढीशीच वर ऱ्हायली होती.” त्याने बोटाने दाखवलं. “ह्या कोपऱ्याला. तुळशीकडच्या.”

शेखर जमिनीवर पालथा झाला. पडदा, टूल, खांब, वीज, सगळं तपासून झालं होतं, पण आजपर्यंत कोणी जमिनीवर पालथं झालं नव्हतं, कारण त्यासाठी पँट मळते. त्याने टॉर्च मारला. मशीनच्या पायाखालून हळदीचा पिवळा भुगा डोकावत होता.

टनांचं मशीन एका सुपारीवर उभं होतं! शेखर सकाळी ते समतल करायचा, काम सुरू झालं की सुपारी थोडी आणखी चुरायची, आणि दुपारी बुडबुडा पळायचा. महादू बसला की पाय दाबला जायचा. उठला की डुगडुगायचा. सुपारी तरी किती टणक! ताराबाईने निवडलेलीच होती.

दिपेश दारात उभा राहून हसायला लागला. मग शेखर हसला. मग काळूराम इतका हसला, की त्याला टेकावं लागलं. जनी गेल्यापासून त्याचा असा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता.

पण सुपारी काढायची कशी? महादू आडवा आला. “पायातली सुपारी काढत नसतात! घर बुडतं!”

“नाय काढली तर घर कल्यानला जातं!” काळूराम म्हणाला.

शेवटी तोड निघाली. ज्या जोडप्याने घातली, त्याच जोडप्याने काढायची, देवाची माफी मागून. ट्रकचा जॅक आणला, पाय उचलला. ताराबाईने हळद-कुंकू वाहून सुपारीचा भुगा आणि रुपया ओंजळीत घेतला, आणि तुळशीच्या मुळाशी ठेवला. शेखरने खळगा सिमेंटने बुजवला, वाळू दिला, मग पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला आणि शहाण्या मुलासारखा तिथेच बसला.

सोमवारी मॅडम आल्या. महादू सक्तीने घरी होता. एकामागून एक पिना आल्या, सगळ्या आरशासारख्या, दोन्ही टोकांना सारख्या. मॅडमनी मापं घेतली आणि पहिल्यांदाच हसल्या. काम कायमचं मिळालं.

नाक्यावर मग सगळ्यांनीच मशीन दुरुस्त केलं. शेखर म्हणाला पॅरामीटर, संदेश म्हणाला सोनेरी इन्सर्ट, वायरमन म्हणाला त्या दिवशी मुद्दामच वीज घालवली होती, आणि खर्डीचा मेहुणा म्हणाला, मी कान लावला तेव्हाच ते निम्मं बरं झालं होतं. दिपेशने खोकी गाडीत घातली. “राहा बाबा,” म्हणाला. “शब्द म्हणजे शब्द.” आणि कल्याणला गेला.

दिवाळी झाली. मशीन चालत होतं. आकडे भरायचे, बटण दाबायचं, की पिन आपोआप. काळूरामला करायला फारसं काही उरलं नाही. पडवीत आता कोणी येत नव्हतं. येणार कशाला? बिघडलेलं मशीन बघायला लोक येतात. चालणारं मशीन कोण बघतो? संदेश नाही, मेहुणा नाही, गिरणीवाला नाही. चहाचं मोठं पातेलं काळूरामने फळीवर पालथं घातलं.

एका दुपारी त्याने कुडावरून हाक मारली. “महादू! ए महादू! मशीन बघायला ये रे. काय तरी बिघडलंय!”

महादू जेवता जेवता उठून आला. मशीन चालू होतं. महादूने डावा कान लावला, मग उजवा लावला. सगळीकडे फिरून बघितलं.

“काय होतंय ह्याला? मला तर काय आवाज येत नाय.”

“तेच तर,” काळूराम म्हणाला. “आवाजच नाय करत रे.”

महादूने त्याच्याकडे बघितलं. भिंतीवरच्या जनीच्या फोटोकडे बघितलं. मग खरकटा हात धोतराला पुसला आणि एक डबा ओढून त्यावर बसला.

“हा लय मोठा फॉल्ट हाय,” तो म्हणाला. “लवकर नाय निघायचा.”